स्ट्रेंथ ९६, क्वालिटी शून्य

"ही बाई तीन मिनिटं झाली जांभई देतेय," अण्णा म्हणाले.

मी आतून येऊन पाहिलं. बातम्या देणारी बाई तोंड उघडं ठेवून थिजली होती. एक डोळा जागच्या जागी, दुसऱ्याच्या जागी हिरवट ठोकळा, आणि हनुवटी कापून खांद्यावर ठेवल्यासारखी. खालची पट्टी अर्ध्या शब्दावर अडकलेली. आवाज केव्हाच गेला होता, पण अण्णांना त्याचा पत्ता नव्हता. टीव्ही बघताना ते कानातलं मशीन बऱ्याचदा काढून ठेवतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय एकोणऐंशी, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र लख्ख. बाईंनी शेवटी तोंड मिटलं, दोन वाक्यं बोलल्या आणि पडदा काळा झाला. 'नो सिग्नल'.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा गच्चीवरची अँटेना फिरवण्याचा मान अण्णांचा होता. ते वर, सासूबाई टीव्हीसमोर, आणि मधल्या जिन्यात निरोप पोचवायला मी.

"आलं का?"

"आलं! आलं! गेलं!"

"आता?"

"मघाशी होतं तिथेच आणा!"

मघाशी होतं ती जागा पुन्हा कधी सापडायची नाही. पण त्या चित्राचा एक गुण होता. ते बिघडायचं ते सांगून सवरून. आधी थोड्या मुंग्या यायच्या, मग जास्त, मग मुंग्यांच्या पलीकडे कुणीतरी चालतंय एवढं दिसायचं. समोरच्या इमारतीवर आपटून लाटा उशिरा आल्या की प्रत्येक खेळाडूच्या शेजारी त्याचीच फिकट सावली धावायची. तरी सामना बघता यायचा. कोण बाद झालं हे मुंग्यांतूनही कळायचं.

मुंग्यांवरून आठवलं. त्यांतला अगदी थोडा अंश विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाचा असायचा. अर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या न्यू जर्सीतल्या प्रचंड शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून १९६४ मध्ये एक खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली, जोड तपासले. खरखर होती तशीच. ती आकाशातूनच येत होती, तेच हे आरंभीचं प्रारण, आणि त्यासाठी दोघांना १९७८ साली नोबेल मिळालं. आमच्या गच्चीवर कबुतरं भरपूर आहेत. नोबेलची आशा मी ठेवलेली नाही, पण रिसेप्शन बिघडलं की आधी जोड तपासावेत हा धडा मी तिथून घ्यायला हवा होता. मी तो सगळ्यात शेवटी घेतला.

डिजिटल टीव्हीत मुंग्या नसतात. चित्र असतं तेव्हा काचेसारखं, नसतं तेव्हा काहीच नाही. मधली पायरी म्हणजे ते ठोकळे आणि थिजलेले चेहरे, आणि ती इतकी अरुंद की तिच्यावर फार वेळ उभं राहता येत नाही. इंजिनिअर मंडळी याला कडा म्हणतात. कड्यावरून चालताना पाय घसरेपर्यंत सगळं छान असतं.

या कड्याचा हिशेब मला कळला तेव्हा फार गंमत वाटली. अँटेनावर डिजिटल टीव्ही पोचवण्याच्या, बऱ्याच देशांत वापरल्या गेलेल्या डीव्हीबी-टी पद्धतीत चित्र आणि आवाज १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांतून येतात. प्रत्येक पुडक्यामागे १६ जादा बाइट बांधलेले असतात. त्यांत चित्र नसतं, फक्त पडताळा असतो. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेलं हे गणित; सीडीवर ओरखडा असूनही गाणं सरळ वाजतं ते त्याच्याच जोरावर. या २०४ बाइटांपैकी कुठलेही आठ वाटेत सडले तरी टीव्ही ते हुडकून, दुरुस्त करून, जणू काही झालंच नाही असं चित्र दाखवतो. नववा सडला की मात्र त्याचे हात टेकतात. आठ चुका होत असताना पडद्यावर एक ठिपकाही इकडचा तिकडे होत नाही. म्हणजे चित्र उत्तम दिसतंय यावरून सिग्नल उत्तम आहे असं म्हणायची सोयच नाही. तो कदाचित कड्यापासून वीतभर अंतरावर उभा असेल आणि वारा सुटला, शेजारच्या झाडाची पानं भिजली की जाईल.

आमच्याकडे अण्णांचंही असंच होतं, आणि ते आम्हाला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतो. स, श, फ, थ ही मंडळी पहिली जातात. स्वर टिकतात. त्यामुळे समोरचा बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते जुळवावं लागतं, आणि अण्णा ते जुळवत होते. सातांपैकी चार शब्द ऐकायचे, उरलेले तीन चेहऱ्यावरून, वेळेवरून आणि आमच्या सवयींवरून भरायचे. आम्हाला वाटायचं सगळं ठीक आहे. मग एका संध्याकाळी मी विचारलं, "अण्णा, दार लावलं का?" ते प्रसन्नपणे म्हणाले, "हो, परवाच. नवीन पान फुटलंय." दार आणि झाड. तो त्यांचा नववा बाइट होता. त्या आठवड्यात आम्ही कान तपासायला गेलो.

तर टीव्ही. नवऱ्याचं निदान दोन मिनिटांत तयार होतं: सिग्नल कमी पडतोय, बूस्टर लावू. चार दिवसांत मूठभर डबी आली, टीव्हीच्या मागे बसली आणि तिचा लाल दिवा लागला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आत कुठेतरी दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. आधी स्ट्रेंथ ५८ होती, ती एकदम ९६ झाली. नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. क्वालिटी २५च्या आसपास लटपटत होती, ती शून्यावर जाऊन बसली. जे काही चार चॅनेल अधूनमधून दिसत होते तेही गेले.

अण्णा हे सगळं खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "माझं पहिलं मशीन असंच होतं. सगळंच मोठं. पातेलं पडलं की डोक्यात घण. आणि तू काय बोलतेस ते आधी कळायचं तेवढंच."

नंतर जे जे वाचलं त्यात याहून स्पष्ट काही सापडलं नाही. बूस्टरला आपला कोण आणि परका कोण ते कळत नाही. केबलमधून जे येईल ते तो फुगवतो: कार्यक्रम, खरखर आणि शेजारच्या लहरींवरचे मोबाइल टॉवर, सगळंच. वर स्वतःची थोडी खरखर घालतो. एकदा सिग्नल खरखरीत बुडाला की त्याला पुढे कितीही मोठं केलं तरी दोघांतलं अंतर वाढत नाही, झालं तर थोडं कमीच होतं. आणि फुगवटा फार झाला की टीव्हीच्या ट्यूनरचाच घसा बसतो. मग स्ट्रेंथ जोरात, आणि चित्र नाही. म्हणून बूस्टर लावायचाच तर वर अँटेनाच्या बुडाशी, लांब केबलमध्ये सिग्नल खंगायच्या आधी. शिवाय वर येणारा सिग्नल मुळात स्वच्छ असेल तरच. टीव्हीमागे तो लावणं म्हणजे चुरगळलेल्या कागदाची मोठी झेरॉक्स काढणं.

त्या दोन आकड्यांबद्दलही सांगून टाकते. ही टक्केवारी कशाची, हे विचारू नये. प्रत्येक कंपनीची फूटपट्टी वेगळी. आमच्याकडे ७० आणि तुमच्याकडे ५५ यावरून भांडण्यात अर्थ नाही. आपल्याच टीव्हीवर काल किती होते आणि आज किती, एवढंच बघायचं. आणि बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथकडे पाहून लोक फसतात. आमच्या घरी एक उदाहरण आहे, पण त्याचं नाव मी घेत नाही.

बूस्टर काढला आणि मी केबलचा माग काढायला लागले. टीव्हीमागून निघालेली केबल भिंतीतल्या एका चपट्या धातूच्या डबीत शिरत होती. एक तोंड आत, दोन बाहेर. दुसऱ्या तोंडातून निघालेली केबल आतल्या खोलीत जात होती आणि तिथे कपाटामागे नुसती लोंबत होती. तिथला टीव्ही जाऊन सहा वर्षं झाली. पण त्याचा वाटा अजून इमानेइतबारे काढून ठेवला जात होता! अशा डबीत सिग्नलचे दोन भाग होतात, म्हणजे निम्मा तिथेच जातो, आणि डबीची स्वतःची चिरीमिरी धरून निम्म्याहून थोडा जास्त. दिवाळखोर सिग्नलच्या घरात हा केवढा मोठा खर्च. मी डबी काढून दोन टोकं सरळ जोडली. २५ चे ३४ झाले.

मग गच्ची. इथे अडचण वेगळी होती. अण्णांना आता जिना झेपत नाही, नवरा कामावर, म्हणजे वर मी. टीव्हीसमोर अण्णा. आणि जिन्यात निरोप पोचवायला कुणी नाही. फोन आहे, पण अण्णांना फोनवर ऐकू येत नाही. बराच विचार करून ते म्हणाले, "मला ऐकायची गरजच काय? मी बोलतो, तू ऐक." एकतर्फी प्रक्षेपण! मी हेडफोन लावून वर गेले, आणि अण्णा खाली खुर्चीत, फोन तोंडासमोर धरून, दर दोन-तीन सेकंदांनी क्वालिटीचा आकडा वाचत बसले. स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात.

"चौतीस. चौतीस. तेहेतीस. कबूतर बसलं काय? चौतीस."

वर जाऊन अँटेनाकडे नीट पाहिलं ते बहुतेक पहिल्यांदाच. मधला एक दांडा आणि त्यावर आडव्या काड्यांची माशाच्या काट्यासारखी रांग. ही यागी-उदा अँटेना. १९२६ मध्ये जपानच्या तोहोकु विद्यापीठातून पुढे आली. मेहनत मुख्यतः शिंतारो उदा यांची, पण हिदेत्सुगु यागी यांनी पुढे इंग्रजीत लेख लिहिला आणि जग नुसतं 'यागी' म्हणायला लागलं. केबल ज्या एका काडीला जोडलेली असते तीच खरी ऐकणारी. तिच्या मागची आरशाचं काम करते, पुढच्या आखूड काड्या लाटांना वाट दाखवतात. काड्यांच्या लांबीतही हिशेब आहे. ६०० मेगाहर्ट्झची लाट अर्धा मीटर लांबीची, म्हणून ऐकणारी काडी तिच्या निम्मी, साधारण पंचवीस सेंटिमीटर. ही अँटेना चहूकडून ऐकत नाही. तिला एका दिशेला तोंड करून उभं करायचं असतं, आखूड काड्यांचं टोक टॉवरकडे. एका बाजूचं नीट ऐकायचं म्हणून बाकीच्या बाजूंना ती जवळजवळ बहिरी असते. अण्णांच्या नव्या मशीनमध्ये दोन बारीक माइक आहेत आणि तेही हेच करतात. समोरून येणारं घेतात, मागचा गोंगाट कमी करतात.

पण आमच्या अँटेनाच्या 'आडव्या' काड्या आडव्या नव्हत्याच. आजूबाजूच्या गच्च्यांवर पाहिलं तर सगळ्यांच्या काड्या जमिनीला समांतर, आमच्याच ताठ उभ्या. दोन वर्षांपूर्वी गच्चीची दुरुस्ती झाली तेव्हा कुणीतरी ती उतरवली असणार आणि परत लावताना एक चतुर्थांश फिरवून बसवली असणार. टॉवर लाटा ज्या पातळीत सोडतो त्याच पातळीत काड्या हव्यात. काही ठिकाणचे टॉवर उभ्या पातळीत सोडतात, तिथे उभ्याच बरोबर. काय बरोबर ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ज्या शेजाऱ्याचा टीव्ही चांगला दिसतो त्याच्या अँटेनाकडे बघणं. मी पकडीचा नट सैल करून ती आडवी केली.

"चौतीस. बत्तीस. काही नाही. काही नाही. बेचाळीस! अगं, बेचाळीस!"

मग दिशा. आणि इथे जुनी सवय आड येते. पूर्वी अँटेना हलवली की चित्र त्याच क्षणी हलायचं. डिजिटल टीव्हीला विचार करायला वेळ लागतो. तो आधी लहरी पकडतो, मग गणित जुळवतो, मग सांगतो. सरसर फिरवत गेलं तर बरोबर जागा येऊन निघूनही जाते आणि खाली काही दिसतच नाही. म्हणून दोन बोटं फिरवायची, हात काढायचा, मनात दहा मोजायचे, खालचा आकडा ऐकायचा. हात काढायचा हे महत्त्वाचं, कारण माणसाचं शरीरही लाटांच्या वाटेत येतं. पाईपवर खडूनं खूण करत गेले. एकदा हातभर डावीकडे सरकवून पाहिलं तर आकडा दहानं पडला, तेवढाच उजवीकडे सरकवला तर सहानं चढला. सरळ येणारी लाट आणि भिंतींवर आपटून येणाऱ्या लाटा एका जागी एकमेकींना उचलतात, दुसऱ्या जागी पाडतात. त्यामुळे नेहमी उंच तेच चांगलं असं नाही. शेवटी सगळ्यात चांगला आकडा मिळाला तो पाण्याच्या टाकीपासून थोडा लांब, जुन्या जागेपेक्षा अर्धा फूट खाली. ५१.

रात्री अण्णांनी अख्ख्या बातम्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंतोडे पडले आणि बाई पुन्हा थिजल्या.

टीव्हीच्या लहरींच्या या पट्ट्यात पावसाचा लाटांवर फार परिणाम होत नाही. तो होतो छत्रीच्या अँटेनावर, कारण उपग्रहाच्या लाटा जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या असतात. गच्चीवरच्या काड्यांना पावसाचं एवढं वावडं असायचं कारण नव्हतं. म्हणजे पाणी वाटेत नव्हतं, घरात शिरलं होतं. अँटेनाच्या बुडाशी केबलच्या तोंडावर एक बोंड असतं, आट्यांचं. त्यावर कधीकाळी गुंडाळलेली काळी टेप उन्हानं तडकून कात टाकल्यासारखी सुटली होती. बोंड पकडीनं फिरवलं, ते गंजून बसलेलं. जोर केला तर केबलसकट हातात आलं. आतून पाण्याचा थेंब ओघळून माझ्या मनगटावर आला. मधली तांब्याची तार चमकदार तांबूस असायला हवी, ती शेवाळासारखी हिरवी होती. तिच्या भोवतीची तारांची जाळी काळी पडलेली, बोटांत चोळली तर तिचा भुगा झाला. या जाळीतून पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं, आत आत जातं. मी दोन इंच कापलं. काळं. सहा इंच कापलं. काळंच. जवळजवळ दोन फुटांवर जाळी रुपेरी लागली.

नवं बोंड बसवताना एकच पथ्य, पण ते कडक. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतूही मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर सगळा सिग्नल तिथेच मरतो. चष्मा लावून, उजेडाकडे धरून, एकेक तंतू मागे वळवला. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली आणि केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता झोळाच्या तळाशी येऊन गळून जाईल. एवढं करायला पाऊण तास लागला. तोपर्यंत अण्णा खाली इमानानं "काही नाही, काही नाही" म्हणत होते. मग एकदम गप्प झाले. मला वाटलं फोन कट झाला.

"अगं, चौऱ्याऐंशी," ते हळूच म्हणाले. मोठ्यानं म्हटलं तर पळेल, अशा आवाजात.

खाली येऊन सगळे चॅनेल पुसले आणि टीव्हीला ते नव्याने शोधायला लावले. एकेका चॅनेलची लांबच्या टॉवरवरून आलेली अशक्त प्रत टीव्हीनं आधीच धरून ठेवलेली असते आणि तो तिलाच चिकटून बसतो, म्हणून हे करावं लागतं. अजूनही एक किरकिर आहे. बाल्कनीतला एलईडी दिवा लावला की एका चॅनेलवर दोन-चार ठोकळे पडतात. दिव्याच्या आतला विजेचा तुकडा खरखर ओकतो. दिवा बदलायचाय, तोवर अंधारात बातम्या बघतो.

बूस्टर खणात आहे. नवरा म्हणतो कधीतरी लागेल.

अण्णांना मात्र आकड्यांचा नाद लागला. रोज बातम्यांआधी सेटिंगमध्ये जाऊन बघतात. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी, एकदा ऐंशी झाले तेव्हा मला वर पाठवलं. काड्यांवर कबूतर बसलं होतं. परवा मी आतून हाका मारत होते, तीनदा, चौथ्यांदा अगदी घसा ताणून. उत्तर नाही. हात पुसत बाहेर आले, त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि तेच पुन्हा सांगितलं, तरी अजून ओरडतच.

त्यांनी कानावर हात ठेवला. "क्वालिटी चांगली आहे," म्हणाले, "आता स्ट्रेंथ कमी कर."